साडेआठचा भोंगा

"चेहऱ्यावर चांदणं कुठनं पडलं गं तुझ्या? आज तर आवस हाय."

मी दचकून मोबाइल ओढणीखाली सरकवला. खिडकीच्या गजांपलीकडे सोजरआक्का उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात रिकामी किटली.

"काही नाही आक्का. वेळ बघत होते."

"वेळ बघायला भिंतीवर घड्याळ दिलंय ग्रामपंचायतीनं." त्यांनी गजांना नाक लावून आत पाहिलं. "मगाशी सातचा भोंगा कुणी वाजवला?"

"मी."

"म्हंजे सगळ्या गावाला मोबाइल ठिवा म्हणायचं, अन् आपण आत दार लावून बघत बसायचं. बरी हायस की!"

त्या हसत होत्या, पण माझी कानशिलं तापल्यासारखी झाली. आठ वर्षं झाली त्याला. अजूनही सोजरआक्का डोळ्यांसमोर येतात त्या अशाच, गजांनी उभ्या चिरलेल्या.

शेरेवडीला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. निशांत, माझा नवरा, जनावरांचा डॉक्टर. त्याची तिथल्या सरकारी दवाखान्यात बदली झाली, म्हणून ठाण्याचा फ्लॅट बंद करून आम्ही दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. गावानं ग्रामसभेत एक ठराव केला होता. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग सगळं सुरू. हा भोंगा आमच्या कौलांवर होता आणि त्याचं बटण आमच्या व्हरांड्यात, कारण आधीच्या डॉक्टरांच्या बायकोनं हौसेनं ते काम अंगावर घेतलं होतं. त्या गेल्या, बटण राहिलं. सामान उतरवत होतो त्याच दिवशी सरपंच येऊन म्हणाले होते, "हे डाक्टरीणबाईंचं काम. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. न्हाईतर पोरं दिवसभर वाजवत बसतील."

मी कसली डॉक्टरीण. एम.एस्सी. झालेली, नोकरी सोडलेली, चौदा महिन्यांच्या मुलीची आई. पण त्या गावात जनावरांच्या डॉक्टरची बायको म्हणजे डाक्टरीणबाईच. एकदा तर एक म्हातारे मला गाभण म्हशीची लक्षणं सांगून गेले होते.

बटण दाबायला माझी काहीच हरकत नव्हती. सात म्हणजे सातला मी दाबायची. बाहेर भोंगा रेकायचा, कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवायची, आणि मग सगळं गाव असं शांत व्हायचं की जणू कुणी मोठी गोधडी पसरली. घराघरांत तुळईला शिंकं टांगलेलं असे. पूर्वी त्यात दुधादह्याची मडकी असत, आता त्या दीड तासात मोबाइल असत. पोरांचा हात पोचू नये म्हणून. मग माणसं बाहेर येऊन बसायची. कुणी पाढे म्हणून घेई, कुणी लसूण सोलत बसे.

आणि मी आत जाऊन माझा मोबाइल उघडायची.

मुक्ता ज्या गादीवर झोपायची तिच्यासमोर खिडकीच्या गजाला मी जुना मोबाइल रबरबँडांनी बांधला होता. त्याच्या कॅमेऱ्यातून दिसणारी मुक्ता माझ्या हातातल्या मोबाइलवर दिसायची. राखाडी, धुरकट. तिची पाठ हलली की खाली एक हिरवी रेघ हलायची. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, मी ती रेघ बघायची. रात्री झोपताना उशाशी ती रेघ. शेजारी मुक्ता आणि उशाशी मुक्ताची रेघ. मध्येच भरवसा वाटेनासा झाला की मी वाकून तिच्या नाकाखाली बोट धरायची. ऊब लागली की परत आडवी व्हायची. मग दहा मिनिटांनी पुन्हा.

ऑक्टोबरमध्ये मुक्ताला तापात फीट आली होती. तेव्हापासून चार महिने मी सलग दोन तास झोपलेली नव्हते. निशांतला हे माहीत होतं. "केतकी, डॉक्टर काय म्हणाले? तापात अशी फीट येते काही मुलांना. वाढत्या वयात जाते," असं तो आधी समजुतीनं सांगायचा, मग चिडून, मग नुसता कूस बदलायचा. आणि आता तो तीन दिवस प्रशिक्षणासाठी पुण्याला गेला होता, आणि त्यातल्याच तिसऱ्या दिवशी दुपारपासून मुक्ताचं अंग कोमट होतं.

"दार उघड," सोजरआक्का म्हणाल्या.

त्या आमच्या समोरच राहायच्या. पन्नाशीच्या असतील. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर गावाचं दूध मोजून घ्यायच्या. दुधात पाणी घातलेलं त्यांना यंत्राआधी कळायचं, असं लोक म्हणत. किटली दाराशी ठेवून त्या आत आल्या. गजाला बांधलेला मोबाइल, त्यावरचा हिरवा ठिपका, गादीवर पालथी झोपलेली मुक्ता, कोपऱ्यात थर्मामीटर आणि तापाच्या औषधाची बाटली. सगळं त्यांनी एकदा पाहिलं.

"अंग तापलंय का तिचं?"

"नव्व्याण्णव पूर्णांक दोन."

"आकडा नको मला. हात लावून सांग."

मी हात लावला. दिवसभर मी आकडाच बघत होते.

"कोमट आहे."

"कोमट म्हंजे कसं? कशागत?"

मी विचार केला. "तुम्ही धार काढल्या काढल्या दूध आणता ना... ती किटली बाहेरून लागते तसं."

"मग काय न्हाई." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "दाढा येत्यात तिच्या. लाळ बघ किती गळतीया. औषध कधी दिलंस?"

"सहाला."

"बरं. आता त्यो मोबाइल दे हिकडं."

"आक्का, नको. प्लीज. आजचा दिवस नको. निशांत नाहीये."

"म्हणूनच दे. अन् त्यो गजाचा बी सोड."

मी दिला नाही. छातीशी धरून उभी राहिले. मला वाटतं, त्या क्षणी मी कुणाला चावलेही असते. आक्कांनी हात पुढे केला नाही. दारातून वारा येत होता, त्याला लांबच्या गुऱ्हाळाचा, उकळत्या रसाचा वास होता. बाहेर कुणीतरी सतराचा पाढा म्हणत होतं आणि सतरा पाचाला अडकत होतं.

"कुठं होतीस तू?" आक्कांनी विचारलं. "तिला झटका आला तवा. डाक्टरसायबांनी सांगितलंय मला."

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला होता. सासूबाईंनी, आईनं, दवाखान्यातल्या नर्सनं, निशांतनं. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं होतं: स्वयंपाकघरात होते.

"शेजारी," मी म्हणाले.

आक्कांनी माझ्याकडे मान वळवली.

"शेजारीच बसले होते. हात लांब केला असता तर लागली असती, एवढी जवळ. मोबाइलवर बाळांच्या खाण्याचे व्हिडिओ बघत होते. बीटाच्या इडल्या, पालकाच्या इडल्या. एक संपला की दुसरा. ती झोपलीय असंच मला वाटत होतं. वर पाहिलं तेव्हा ओठ निळे झाले होते."

"किती येळ गेला हुता?"

"माहीत नाही. तेच माहीत नाही मला, आक्का. एक मिनिट असेल, पाच असतील. इडल्या मात्र सात बघितल्या होत्या. सात रंगांच्या."

सांगून झाल्यावर मला वाटलं, आता त्या उठून जातील. किंवा जवळ घेतील. दोन्हीची मला भीती होती. त्यांनी फक्त पदरानं मुक्ताची लाळ टिपली आणि पदराचं ते ओलं टोक बाजूला धरून बसल्या.

"आता मी हितं बसती," त्या म्हणाल्या. "ही भित्त, ही मी. माझं डोळं चांगलं हायेत, अजून चष्मा न्हाई मला. काय झालं तर दवाखान्याची जीप दारात हाय, डायवर दिगंबर वट्यावर बसलाय, त्यो हाकंच्या अंतरावर. तू तिच्या बाजूला पड. झोपू नको वाटलं तर. नुसती पड. पण बघायचं तर तिच्याकडं बघ, तिच्या फोटूकडं नको."

मी दोन्ही मोबाइल बंद करून त्यांच्या ओटीत ठेवले. गजाचा सोडताना रबरबँड तुटला आणि बोटाला सपकन लागला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी मुक्ताच्या शेजारी आडवी झाले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आधी मी मोजत होते. एक, दोन, तीन. तिचं झबलं वर जाई, खाली येई. चाळीसच्या आसपास माझ्या लक्षात आलं की माझाही श्वास तिच्याबरोबर चाललाय. मी तो वेगळा करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिच्या मानेला दूध आणि घाम यांचा आंबूस वास होता. तिच्या कानामागे एक तीळ होता. चौदा महिने मी तिला बघत होते, चार महिने तर डोळ्यांत तेल घालून, आणि हा तीळ मी पहिल्यांदा बघत होते. कॅमेऱ्यात तो दिसतच नव्हता.

बाहेर सतराचा पाढा पुढे सरकला. कुणी सागरगोटे खेळत होतं, ते फरशीवर पडल्याचा टपटप आवाज येत होता. मग तो आवाज पाण्यात पडल्यासारखा येऊ लागला. मला वाटलं, आमची गादी हळूहळू ओट्यावरून उतरून रस्त्यानं चाललीय. दोन्ही बाजूंना माणसं बसलीत, कुणी आम्हाला थांबवत नाही, फक्त पाय आखडून घेतायत वाट देण्यासाठी. पुढे गुऱ्हाळाची आच दिसत होती. मुक्ताची पाठ माझ्या हाताखाली नावेसारखी वरखाली होत होती, आणि वल्हं कुणाच्याच हातात नव्हतं.

मध्ये कुठेतरी माणसांचे आवाज आले.

"आक्का, आज भोंगा न्हाई का?"

"हळू बोल."

"आवं, पण साडेआठ कवाच..."

"घड्याळ हाय का तुझ्याकडं? न्हाई ना? मग कशावरनं म्हणतोस?"

"मॅच हाय आज!"

"हितं डोळा लागलाय पोरीचा. जा, बस जाऊन."

कुठल्या पोरीचा, असा प्रश्न मला पडला. मुक्ताचाच असणार. मग भोंग्यासाठी मला उठायला हवं, बटण माझं आहे, असंही वाटलं. मी उठलेसुद्धा. व्हरांड्यात जाऊन बटण दाबलं. त्यातून भोंगा न वाजता पांढऱ्या पाकोळ्या उडाल्या आणि मी पुन्हा येऊन झोपले. म्हणजे मी उठले नव्हतेच.

जाग आली तेव्हा खोलीत अंधार होता. इतका अंधार त्या खोलीत कधीच नसायचा, कारण समोरच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड थेट माझ्या उशीवर यायचा. माझा हात मुक्ताच्या पाठीवर होता. पाठ हलत होती. मी तरीही तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब. कपाळाला हात लावला, तर गार. घाम येऊन ताप उतरला होता. भिंतीपाशी बांगड्या वाजल्या.

"उठलीस?"

"आक्का! किती वाजले?"

"घड्याळात बघ की."

व्हरांड्यात येऊन दिवा लावला. पावणेदहा वाजले होते.

"साडेआठ... अहो, भोंगा! सगळं गाव..."

"गाव कुठं पळून जातंय? बसलंय."

मी ओट्यावर आले. खरंच गाव बसलं होतं. सगळं नसेल, पण आमची आळी तर होतीच. दारादारांत, पायऱ्यांवर, जीपच्या बोनेटवर. समोरच्या खांबावरचा दिवा कुणीतरी मालवला होता. वर आवसेच्या आभाळात चांदण्यांचा नुसता चुरा सांडला होता आणि खाली माणसं कुजबुजत होती, घरात आजारी माणूस झोपलेलं असावं तशी. बरीच पोरं आईबापांच्या मांडीवर झोपून गेली होती.

"डाक्टरीणबाई उठल्या," कुणीतरी म्हणालं.

"झाली का झोप, वैनी?" हा दिगंबर, जीपचा ड्रायव्हर. "मॅचचा पार निकाल लागला आसंल आता. दीडशे रुपयांचं तिकीट काढून मॅच चुकल्यागत वाटतंय."

"कशाचं तिकीट काढलं हुतंस रं?" आक्का मागून म्हणाल्या. "घरच्या टीव्हीला तिकीट लागतं व्हय?"

सगळे हसले, पण दबून. मी म्हणाले, "माझी चूक झाली. मला उठवायचं ना कुणीतरी. बटण तरी दाबायचं."

कोपऱ्यात सरपंच बसले होते. त्यांच्या मांडीवर त्यांची नात झोपली होती. ते म्हणाले, "तुमचं बटण, आम्ही कसं दाबणार? ठराव हाय तसा." आणि मग जरा थांबून, "भोंगा तुमच्या डोक्यावर हाय, बाई. वाजला आसता तर उठला आसता तुम्ही. आक्कांनी सांगितलं, ही पोर लई दिवसांत झोपलेली न्हाई. म्हणलं, आसूंदे. एक दिवस लांबला तास-सव्वा तास तर काय हुतंय."

मी बटणाकडे वळले. बोट ठेवलं, तसं पायरीवरची एक बाई घाईनं म्हणाली, "आवं नका, नका! पोरं निजल्यात. दचकून उठतील."

"मग कसं करायचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. भोंगा न वाजता साडेआठ कसे वाजवायचे, याचा ठराव झालेला नव्हता. मग सरपंच शेजारच्या घराकडे वाकून हलकेच म्हणाले, "सुटला रं भोंगा." त्या घरातल्यानं पुढच्या ओट्याकडे मान वळवून म्हटलं, "सुटला." तिथून पुढे. "सुटला भोंगा." "सुटला." अंधारात तो शब्द ओट्याओट्यानं पुढे जात राहिला, मारुतीच्या देवळापर्यंत, तिथून वळून खालच्या आळीला. लांब गेल्यावर शब्द कळेनासा झाला, नुसती एक हलकी फुंकर चालल्यासारखी वाटली. माणसं झोपलेली पोरं खांद्यावर टाकून उठली. त्या रात्री शिंक्याकडे लगेच किती हात गेले, मला माहीत नाही. दिगंबर मात्र पळत गेला.

आक्कांनी ओटीतून माझे दोन्ही मोबाइल काढून दिले. चालू केल्याबरोबर हातातला थरथरू लागला. निशांतचे सतरा फोन येऊन गेले होते.

मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्यानं उचलला.

"केतकी! काय झालं? मुक्ता ठीक आहे ना? तू उचलत नाहीस, दिगंबर उचलत नाही, सरपंच उचलत नाहीत. सगळं गाव मेलं काय? मी निघालोय इथून, स्टँडवर उभा आहे!"

"काही झालं नाही. ताप उतरला. झोपलीय."

"मग तू कुठे होतीस?"

"शेजारी," मी म्हणाले. "मी झोपले होते, निशांत."

पलीकडे बसगाड्यांचा आवाज येत राहिला. पुण्याच्या स्टँडवर कंडक्टर कुठल्यातरी गावाचं नाव ओरडत होता.

"झोपली होतीस?" त्याचा आवाज वेगळाच आला. "किती वेळ?"

"दोन तास. दोन तासांच्या वरच."

"बरं," तो म्हणाला. "बरं. मी सकाळच्या गाडीनंच येतो मग."

"ये. आल्यावर तुला एक सांगायचंय. ऑक्टोबरमधलं."

आक्का किटली उचलून पायऱ्या उतरत होत्या. मी म्हणाले, "आक्का, तुमची जेवायची वेळ टळली."

"उद्या सातचा भोंगा वाजवलास की हिकडं ये," त्या न वळता म्हणाल्या. "लसूण सोलायचाय पाच किलो. पोरीला बी आण."

जुना मोबाइल मी गजाला बांधला नाही. रबरबँड तुटलाच होता. दुसरा डब्यात होता, तो कुठल्या डब्यात हे मला पाठ होतं. पण मी दोन्ही मोबाइल व्हरांड्यात, घड्याळाखाली ठेवून आत आले आणि मुक्ताच्या शेजारी पडले. झोप लगेच येणार नव्हती. डोळे मिटून ती कुठे गेली असेल ते शोधत होते.

थोड्या वेळानं गादी हलली. मुक्ता उठून बसली होती. डोळे किलकिले करून मी पाहिलं. रडली नाही ती. अंधारात माझ्याकडे बघत होती, मान एका बाजूला कलती करून. मग पुढे झुकली. तोल सावरायला एक हात माझ्या गळ्यावर टेकला आणि दुसऱ्या हाताचं एक इवलं, लाळेनं ओलं बोट तिनं माझ्या नाकाखाली धरलं.

आणि तशीच थांबली. वाट बघत.

मी श्वास सोडला. नेहमीपेक्षा जरा मोठाच सोडला, तिला नीट कळावा म्हणून.

तिनं बोट काढून घेतलं, आणि निर्धास्त होऊन माझ्या कुशीत आडवी झाली.